आजचा पाठ : ‘बिचारा’ म्हणू नका



मुरलीकांत पेटकर हे सांगलीकडचे, फौजेतले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. बॉक्सिंग सुटलं, पण खेळ सोडला नाही. पाण्यात उतरले अन् १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली ती २०१८ ला!

आपण बऱ्हाणपूरकर तापीकाठचे, तरी घरातल्या अपंग लेकराला ‘बिचारा, त्याला नको’ म्हणत काठावरच बसवतो. आपली माया तिथंच चुकते. स्वतःवरचा विश्वास बाहेरून मिळत नाही. रोज थोडं थोडं जमलं की तो आतून वाढतो.

या आठवड्याची सेवा : त्याला विचारा, ‘तुला काय खेळायचंय?’ आणि रोज पंधरा मिनिटं त्याच्यासोबत खेळा. मुद्दाम हरू मात्र नका.