नवव्या महिन्यातली धाकधूक आणि पहिला चीक

नववा महिना लागला की तपासणीला आलेल्या बायका दोन गोष्टी हमखास विचारतात. "सिझर तर होणार नाही ना?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "डॉक्टर, मला दूध येईल ना?" पहिल्याचं उत्तर कळा सुरू होईपर्यंत बहुतेकदा कुणालाच छातीठोकपणे देता येत नाही. दुसऱ्याचं मात्र देता येतं: बहुतेक जणींना येतं. स्तन लहान-मोठे असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. आईला दूध कमी होतं म्हणून लेकीलाही कमीच येईल, असंही नाही.

बाळाचं पहिलं दूध, म्हणजे चीक, गर्भारपणातच तयार झालेला असतो. काहींना आधीच थेंब दिसतात, काहींना नाही. न दिसल्यास घाबरू नका. भरभरून दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, पहिलटकरणीला किंवा सिझरनंतर थोडं उशिरा. घोळ होतो तो या मधल्या दिवसांत. लेकरू रडतं, घरची मोठी माणसं कासावीस होतात आणि कुणीतरी मध चाटवतं, साखरपाणी देतं, नाहीतर वरच्या दुधाची वाटी पुढे करतं. पोट भरलेलं बाळ अंगावर ओढत नाही. ओढलं नाही की दूध बनवण्याचा निरोप आईच्या शरीराला पोचत नाही, आणि "दूधच नाही" ही भीती खरी ठरते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं ते चमचाभरच. तेवढा चीक पुरतो आणि आजारांशी लढण्याचं बळही त्यातूनच मिळतं. कृपा करून तो पिळून टाकू नका. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला घातक ठरू शकतो.

म्हणून बाळंतपण घाटी रुग्णालयात असो, पैठण-सिल्लोडच्या सरकारी दवाखान्यात असो की खासगीत, आत्ताच सांगून ठेवा: बाळ तासाभरात अंगावर घ्यायचं आहे. सिझर झालं तरी पाठीत इंजेक्शन दिलेली आई शुद्धीवर असते. नर्सबाईंच्या मदतीने पाजता येतं. मग दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, नाहीतर चिरा पडतात. पाचव्या दिवसापासून बाळ सहा-सात वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय. सुरुवातीला वजन थोडं घटतं, दोन आठवड्यांत भरून येतं.

बाळ कमी दिवसांचं असेल, साखर उतरली असेल, तर डॉक्टर वरचं द्यायला सांगतात. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. अंगावरचं काढत राहा, वाटी-चमच्याने पाजा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी सहा महिने बाळाला पाणी नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. पाणी प्यायचं ते आईने. सासूबाई आणि आई, दोघींना हे वाचून दाखवा. बाळंतिणीजवळ बसणार त्याच.

आणि बाळंतपणाआधीचं हे कपाटाच्या दारावर लिहून ठेवा: अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात न्यायला 102 ची गाडीही मोफत मिळते, आणि 2011 पासून तिथलं बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण यांचे पैसे लागत नाहीत.