बुबुळावर पेशींचं रोपण : भोपाळच्या कोटऱ्यातून निघण्याआधी खर्चाचा हिशेब

तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलाच्या डोळ्यात उडाली, संडास धुण्याचं अ‍ॅसिड उडालं, तर आधी नळाखाली डोळा धुवायचा. पंधरा-वीस मिनिटं, पापणी उघडी धरून. रिक्षा नंतर बोलवायची. पुढचा लाखाचा खर्च अनेकदा इथेच वाचतो.

नाहीच वाचला, तर काय होतं ते आधी समजून घ्या. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, म्हणजे लिंबसमध्ये, कॉर्नियाचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या मूळपेशी असतात. त्या जळाल्या की पांढऱ्या भागाचा थर रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढतो. अशा डोळ्यात नुसता नेत्रदानातला कॉर्निया बसवला तर तो टिकत नाही, पैसे मात्र जातात. म्हणून कुणी थेट कॉर्निया बदलू म्हणालं, तर लिंबसची तपासणी झाली का, हे विचारा.

एक डोळा चांगला असेल तर त्यातूनच पेशी घेतात. जुन्या पद्धतीत साधारण 2 मिलिमीटरचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दहा ते चौदा दिवस वाढवतात आणि मग बसवतात. शस्त्रक्रिया दोन, मुक्काम लांब, वर प्रयोगशाळेचा आकार. युरोपात 2015 साली मान्यता मिळालेल्या होलोक्लार या अशाच उपचाराची ब्रिटनमधली छापील किंमत एका डोळ्याला 80,000 पौंड होती! हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तेव्हा असलेले डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रयोगशाळाच वगळली. तोच तुकडा बारीक करून वारेवरच्या पातळ पडद्यावर ग्लूने चिकटवायचा, पेशी डोळ्यातच वाढतात. याला स्लेट म्हणतात. एकच बैठक. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 125 रुग्णांच्या अभ्यासात 76 टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग टिकला. त्याच संस्थेत प्रयोगशाळेतल्या पेशींनी 200 रुग्णांत 71 टक्के यश मिळालं होतं. तेव्हा ‘लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी’ हे ऐकून भारावू नका. स्लेट का चालणार नाही, ते आधी विचारा.

एस्टिमेट हातात आलं की एकूण आकडा सोडून ओळी वाचा. वारेचा पडदा, फायब्रिन ग्लू, वरची बँडेज लेन्स, भूल (लहान मुलाला पूर्ण भूल लागते) हे ‘पॅकेज’मध्ये आहे की वेगळं? पापणी आतून चिकटली असेल तर ती सोडवण्याचं शुल्क कुठे धरलंय? नंतरचे थेंब आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू महिनोन्‌महिने लागतात. ते बिलात दिसत नाहीत. पृष्ठभाग सुधारूनही खाली डाग उरला तर कॉर्निया बदलावा लागतो, तोही खर्च मनात धरा. नेत्रदानातला डोळा विकता येत नाही, नेत्रपेढी फक्त प्रक्रियेचं शुल्क घेते.

दोन्ही डोळे गेले असतील तर हिशेबच बदलतो. नातेवाइकाच्या डोळ्यातून पेशी घ्याव्या लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून दीर्घकाळ औषधं, वर रक्ततपासण्या. शस्त्रक्रियेपेक्षा हीच गोष्ट घर खाते. तोंडाच्या आतल्या अस्तरातून स्वतःच्याच पेशी वाढवण्याचा पर्याय आहे का, हे इथे नक्की विचारा.

कोटरा सुल्तानाबादहून पहिली फेरी साकेतनगरच्या एम्सची किंवा हमीदिया रुग्णालयाची असावी. निदान आणि कागद इथेच करून घ्या. गॅसपीडितांचं कार्ड असेल तर आधी भोपाळ मेमोरियल रुग्णालय. आपल्याकडे डोळ्याचं काही निघालं की पुण्या-नागपूरच्या काका-मामांना फोन जातो. जाऊ दे, पण भोपाळहून नागपूरमार्गे हैदराबादला थेट गाडी आहे, आणि तिथल्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत गरीब रुग्णांवर मोफत उपचारही होतात. पहिल्या काही महिन्यांत तपासणीला पुन्हा पुन्हा जावं लागतं. दोघांचं भाडं आणि बुडालेली मजुरी एस्टिमेटखाली स्वतः पेनाने लिहा. मधल्या तपासण्या भोपाळमध्ये चालतील का, हे शस्त्रक्रियेआधीच ठरवा.

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ते दुसऱ्या राज्यातही चालतं. पण ते रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमक्या याच शस्त्रक्रियेला पॅकेज आहे का, ते निघण्याआधी 14555 वर विचारा.

‘स्टेम सेल’ची (म्हणजे मूळपेशींची) पाटी लावून कुणी क्लिनिकल चाचणीसाठी पैसे मागत असेल तर उठून या. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. खरी चाचणी असेल तर तो लगेच मिळतो.