हैदराबाद पासिंगची गाडी

लातूर

चि. सुमित यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी रानात होतो, नीट बोलता आलं नाही. स्कोडा सुपर्ब घ्यायची म्हणतोस, 2012 ची. नंबर एपीचा, म्हणजे तेलंगणा व्हायच्या आधीची, हैदराबादची. स्वस्तात मिळतेय हे खरं. पण मोठ्या गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टांची उतरत नाही. आणि ती आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली म्हणून उगाच माया नको.

आधी गिअरबॉक्स. पेट्रोल 1.8 ऑटोमॅटिकला 7 गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की मोठा खर्च. डीएसजीपायीच स्कोडाच्या मालक कंपनीने, फोक्सवॅगनने 2013 मध्ये चीनमध्ये पावणेचार लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या. डिझेलचा 6 गिअरचा डीएसजी तेलात चालतो. तो बरा, पण दर 60,000 किलोमीटरला तेल बदलल्याचं बिल माग. अहमदपूर रस्त्याला शंभरने पळवून काही कळत नाही. नांदेडातच वजिराबादच्या गर्दीत रांगत चालव, झटका असेल तर तिथंच बसेल.

मी पहिली मोठी गाडी भरदुपारी पाहिली. मालकाने आधीच गरम करून ठेवलेली. व्यवहार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला, तर डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट. टायमिंग चेन! तेव्हापासून मी आधी बॉनेटला हात लावून बघतो.

दुसरी भीती पाण्याची. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. मुळाशी गाळाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीटचे रूळ आणि स्टेपनीखालचा पत्रा बघ. आत अत्तराचा घमघमाट असेल तर हमखास संशय घे.

कागदात तिकडची एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र हवंच. एमएच 26 करताना आपला रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल. शिवाय 2027 ला 15 वर्षं भरतात, पुन्हा नोंदणी आलीच. हे सगळं धरून भाव कर.

रविवारी पहिल्या एसटीने येतो, ओळखीचा मिस्त्री गाठून ठेव. तोवर टोकन म्हणून रुपयाही देऊ नकोस. आणि मालकाला बजावून सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. ताईला नमस्कार.

तुझा मामा