त्वचेचे पोषण : डबीतून नव्हे, ताटातून



वरच्या वर्गांतील मुला-मुलींच्या दप्तरांत हल्ली क्रीमच्या लहान ट्यूब सापडतात, आणि मधल्या सुट्टीनंतर डब्यातली भाजी जशीच्या तशी घरी परत जाते. या दोन्ही गोष्टी आम्ही रोज पाहतो. म्हणून या अंकात त्वचा व जीवनसत्त्वे हा पाठ घेत आहोत.

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे. तिचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. साधारण महिना-दीड महिन्यात हा थर बदलतो. नव्या थराचे सामान रक्तातून येते आणि रक्तात ते अन्नातून येते.

जीवनसत्त्व ‘अ’ : नव्या पेशींच्या वाढीसाठी हे लागते. ते कमी पडले तर त्वचा कोरडी व खरखरीत होते, रात्री कमी दिसू लागते. गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, मेथी यांतून ते मिळते. ते स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून भाजीला थोडी तेलाची फोडणी हवीच.

जीवनसत्त्व ‘ब’ : हा एक समूह आहे. त्यातील ‘ब-२’ कमी झाले की ओठांचे कोपरे चिरतात. दूध-दही त्यावर उपयोगी. ‘ब-३’ म्हणजे नायसिन. ते न मिळाल्यास पेलाग्रा होतो. त्यात मान, हात, पाय अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांची त्वचा काळवंडते व तिचे पापुद्रे निघतात. केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनमधील गरीब मजुरांत हा रोग आढळे. हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. यात दोष भाकरीचा नव्हे, नुसत्या भाकरीचा आहे. सोबत डाळ, शेंगदाणे, दूध असले की ताट पूर्ण होते.

जीवनसत्त्व ‘क’ : त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन याच्याशिवाय नीट तयार होत नाही. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. हिरड्यांतून रक्त व अंगावर डाग अशी त्यांची अवस्था होती. संत्री व लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. म्हणून आपल्या इंदूरच्या पोह्यांवर लिंबू पिळायचे ते पोहे ताटात वाढल्यावर. आवळा व पेरू यांत ते भरपूर असते.

जीवनसत्त्व ‘ड’ : येथे क्रम उलटा आहे. हे त्वचाच आपल्याला देते, उन्हाच्या साहाय्याने. म्हणून मैदानावरचा खेळाचा तास बुडवू नये.

आता पालकांसाठी दोन शब्द. मुलाच्या चेहऱ्यावर फिकट चट्टे दिसले की ‘कॅल्शियम कमी झाले’ असे समजून गोळ्या आणल्या जातात. बहुतेक वेळा ते चट्टे कोरड्या त्वचेचे असतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत. ‘अ’ प्रमाणाबाहेर गेले तर ओठ फुटतात, केस गळतात आणि यकृतालाही अपाय होतो. चट्टे किंवा खाज टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. स्टेरॉइड असलेले मलम सल्ल्याशिवाय चेहऱ्यावर लावत राहिल्यास त्वचा पातळ होते.

आणि मुलांनो, रंग हा मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो व ते प्रमाण मुख्यतः आई-वडिलांकडून मिळते. मेलॅनिन उन्हापासून आपले रक्षण करते. कोणतेही जीवनसत्त्व सावळ्याला गोरे करीत नाही, आणि तशी गरजही नाही. सावळी त्वचा व गोरी त्वचा सारख्याच निरोगी असू शकतात. रंगावरून कोणाला चिडविणे आमच्या शाळेत चालणार नाही.

स्वाध्याय
१. आठवडाभर आपल्या डब्यातील पदार्थ वहीत लिहा व प्रत्येकापुढे त्यातील जीवनसत्त्व लिहा.
२. भाजीत फोडणीचे तेल का हवे, ते आईला समजावून सांगा.
३. घरातील क्रीमच्या वेष्टनावरील घटक मोठ्यांच्या मदतीने वाचा.

वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. आम्ही त्या स्वतः पाहू.

— प्राचार्य