समुपदेशकांचे पर्यवेक्षण : ओळख आणि अधिकार

समुपदेशकाने रुग्णाचे ऐकावे आणि अनुभवी मानसोपचारतज्ज्ञाने समुपदेशकाचे ऐकून मार्गदर्शन करावे, यास पर्यवेक्षण म्हणतात. देणगीदारांस इमारत व यंत्रसामग्री दिसते, हे काम दिसत नाही. म्हणून त्याविषयी लिहीत आहोत.

खापर परिसरातील आमचे बहुतेक रुग्ण भिल्ल समाजाचे असून घरी भिली बोली बोलतात. आमच्या समुपदेशिका याच समाजातील आहेत. पर्यवेक्षक डॉक्टर शहरातून येतात. वय, पद आणि भाषा तिन्ही बाबतींत त्यांचे पारडे जड. एका बाईंच्या केसपेपरवर ‘प्रतिसाद मंद’ अशी नोंद झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वस्तुतः त्यांना मराठी प्रश्न उमगतच नव्हते. पुढे बोलीत विचारताच त्या गेलेल्या मुलाविषयी बराच वेळ बोलल्या. भाषेची ही अडचण समुपदेशिकेस पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. बैठकीत मात्र त्या गप्प राहिल्या.

त्या बैठकीस आम्हीही बसत होतो, आणि त्यांचा गोपनीय अहवाल व वेतनवाढ आमच्याच सहीने होत असे. आम्ही वाणिज्य शाखेचे; हिशेबातील चूक चटकन दिसते, ही दिसली नाही.

जळगावच्या तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. 22 मे 2019 रोजी त्यांचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला व प्रकरण न्यायालयात गेले. ती घटना फार गंभीर, आमची त्यामानाने किरकोळ. परंतु वरिष्ठांपुढे कनिष्ठाची वाचा बसते, हे दोन्हीकडे सारखेच. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सामाजिक दर्जा वा समूहाच्या सदस्यत्वावरून मनोविकार ठरविण्यास मनाई करतो. समुपदेशिका गप्प राहिल्यास ती मनाई कागदावरच राहते.

आता आम्ही त्या बैठकीस बसत नाही. समुपदेशिका प्रथम रुग्णाचे शब्द बोलीत सांगतात, मग मराठीत. मतभेद झाल्यास दोघांची मते नावानिशी नोंदविली जातात. डॉक्टरांना आरंभी हे रुचले नाही. शिवाय समुपदेशिका याच भागातील असल्याने काही रुग्णांना गोष्ट गावात फुटेल अशी भीती वाटते. तीही आता बैठकीत उघड मांडली जाते.

यामुळे एका बैठकीत पूर्वीपेक्षा कमी प्रकरणे होतात. मागील अहवालांशी आकडे ताडणाऱ्या विश्वस्तांनी हे ध्यानात घ्यावे. त्या बाईंची जुनी नोंद खोडलेली नाही. तिच्याखाली समुपदेशिकेच्या सहीची नवी नोंद आहे.