‘नीट’चे तिसरे वर्ष आणि मेंढीचे खूर

‘नीट’चा निकाल लागला की समुपदेशकांपुढे दरवर्षी एकच प्रश्न येतो: एमबीबीएसपुरते गुण नाहीत, तर परीक्षा पुन्हा द्यावी काय? प्रश्न बहुधा पालक विचारतात आणि ज्याच्या आयुष्याचा तो प्रश्न असतो तो विद्यार्थी शेजारी खाली मान घालून बसलेला असतो. एकदा पुन्हा प्रयत्न करणे समजण्यासारखे आहे. परंतु तिसऱ्या वर्षीही मुलाला त्याच पुस्तकांपुढे बसवणे म्हणजे घराच्या प्रतिष्ठेचे ओझे त्याच्या पाठीवर ठेवणे होय. दंतवैद्यक, आयुर्वेद, औषधनिर्माण या वाटा सर्वांना ठाऊक आहेत. त्याच ‘नीट’च्या गुणांवर मिळणारी पशुवैद्यक पदवी मात्र नाइलाजाची मानली जाते, आणि ती घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांपुढेही शहरातील कुत्र्या-मांजरांचा दवाखानाच असतो. शेळ्या-मेंढ्यांना आजारी पाडणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास क्वचितच कोणाला सुचतो.

या अभ्यासाचा गाभा म्हणजे जनुकीय विविधता, म्हणजेच एकाच जातीच्या जीवाणूंच्या निरनिराळ्या वाणांत आढळणारा जनुकांचा फरक; आणि कित्येकदा लस उपयोगी पडेल की नाही हे त्या फरकावरच ठरते. मेंढ्यांचे खूर सडवणाऱ्या ‘डायकेलोबॅक्टर नोडोसस’ या जीवाणूच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, त्या तंतूंचे प्रथिन घडवणारे जनुक वाणागणिक बदलते आणि त्यावरून या जीवाणूचे दहा गट पाडले जातात. एका गटाविरुद्धची लस दुसऱ्या गटापासून मेंढीला वाचवत नाही, आणि दहाही गट एकाच लशीत घातले तर प्रत्येकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुबळी व अल्पकाळ टिकणारी होते. म्हणून कळपात कोणते गट आहेत हे आधी शोधायचे आणि तेवढ्याच गटांची लस तयार करायची, हा मार्ग नेपाळच्या डोंगराळ भागातील फिरत्या कळपांत यशस्वी ठरला. काश्मीरमधील मेंढ्यांत ‘बी’ गट प्रामुख्याने आढळतो, हे पीसीआरने, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते ओळखण्याच्या तंत्राने, केलेल्या तपासणीतून कळले.

महाराष्ट्रातील मेंढपाळाला अधिक परिचित असलेला रोग म्हणजे आंत्रविषार. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत अधाशीपणे खाल्लेली धडधाकट मेंढी अचानक दगावते, म्हणून पावसाळ्यापूर्वी ‘ईटी’ची, म्हणजे याच रोगाविरुद्धची लस टोचतात. याला कारणीभूत असलेल्या ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’चे ‘ए’ ते ‘जी’ असे सात प्रकार आहेत. त्यांपैकी ‘डी’ प्रकाराच्या घातक विषाचे जनुक मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या कड्यावर असते, आणि ते कडे गळून पडले तर जीवाणूचा प्रकारच बदलतो. मेंढीला वाचवणारी ही लस शेळीला तितके संरक्षण देत नाही, यावर अजून पुष्कळ काम व्हायचे आहे आणि ते करणारी माणसे हवी आहेत.

महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथील महाविद्यालयांत आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची पदवी मिळते. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी व पीएचडी करून इज्जतनगरची पशुवैद्यकीय संशोधन संस्था, जिचा उगम 1889 मध्ये पुण्यात झाला, मथुरेजवळील मखदूमची शेळी संशोधन संस्था किंवा राजस्थानातील अविकानगरची मेंढी संशोधन संस्था अशा ठिकाणी संशोधन करता येते. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करणाऱ्यांना ‘नीट’शिवायही अशा प्रयोगशाळांत पोहोचता येते, मात्र जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार त्यांना नसतो.

ही वाट लांब आहे, पैसा उशिरा येतो, आणि शेळ्यांतून माणसालाही होणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या रोगाचे नमुने हाताळताना शिस्त लागते. ज्याला जनावराच्या अंगाचा वास सोसत नाही त्याला इकडे ढकलणे हीसुद्धा सक्तीच ठरेल. म्हणून प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आठवडाभर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बसावे, शक्य असल्यास एखाद्या धनगरवाड्यावर लसीकरणाच्या दिवशी हजर राहावे. पालकांनी त्या वेळी सोबत जाऊ नये.