दोन पोर्ट, एक चार्जर आणि माझी चूक



सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने पोटात घालावं. इंग्रजी विभागासाठी लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ही गोष्ट ज्या दोघींमध्ये घडली त्या मराठीतच भांडल्या आणि मराठीतच अबोला धरून बसल्या, म्हणून लेखही मराठीतच.

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटची इंटर्नशिपसाठी ऑनलाइन टेस्ट होती. नव्वद मिनिटं, कॅमेरा चालू, स्क्रीनवर दुसरं काही उघडायचं नाही. तिच्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालेली, सतत चार्जरला लावूनच चालवावा लागायचा. मूळ चार्जरची वायर तुटल्यावर तिने बाजारातून दोन पोर्टचा एक चार्जर आणला होता. डब्यावर ठळक अक्षरात '६५ वॅट'. दोन महिने तो छान चालला. टेस्टच्या दिवशी माझा फोन आठ टक्क्यांवर आला. टेबलाखाली बघितलं तर चार्जरचा दुसरा पोर्ट रिकामा. मी फोन लावला आणि पलंगावर जाऊन बसले.

दहा-बारा मिनिटांत तिचा लॅपटॉप बंद पडला. फुलस्क्रीनमुळे बॅटरीचं चिन्ह तिला दिसलंच नव्हतं. फोन काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करेपर्यंत टेस्टची लिंक बंद झाली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "तू विचारायचं तरी होतंस." पुढचे चार दिवस खोलीत दोघींचं बोलणं नव्हतं.

त्या चार दिवसांत मी तो चार्जर उलटा करून पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली. सी पोर्ट: कमाल ६५ वॅट. ए पोर्ट: कमाल १८ वॅट. आणि शेवटची ओळ, सी + ए: ५ व्होल्ट, ३ अँपिअर. सगळं तिथेच लिहिलं होतं. मी तिसऱ्या वर्षाची इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी, आणि मी ते वाचलं नव्हतं! त्यानंतर या विषयावर जेवढं वाचलं, प्रयोगशाळेतल्या सरांना जेवढं विचारलं, ते इथे मांडते आहे.

डब्यावरचा आकडा कुणाचा?

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे आपण अकरावीपासून घोकतो. ५ गुणिले ३ म्हणजे १५ वॅट. म्हणजे माझा फोन लावल्याबरोबर त्या ६५ वॅटच्या चार्जरकडे दोघांत मिळून फक्त १५ वॅट उरले, आणि तेही ५ व्होल्टवर. तिच्या लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात. ५ व्होल्ट त्याने घेतलेच नाहीत, तो बॅटरीवर गेला, आणि बॅटरी दहा-बारा मिनिटांत संपली.

असं का करतात? चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक पोर्टला व्होल्टेज ठरवणारं स्वतंत्र सर्किट असतं, म्हणून एका पोर्टवर २० व्होल्ट आणि दुसऱ्यावर ९ व्होल्ट एकाच वेळी देता येतात. स्वस्तात बसवायचं तर दोन्ही पोर्टना एकच सर्किट वापरतात. मग दोन उपकरणं लागली की दोघांना चालेल असं एकच व्होल्टेज ठेवावं लागतं, आणि ते म्हणजे ५. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा पहिला धडा: डब्यावरचा मोठा आकडा एका वेळी एकच पोर्ट वापरला तर मिळणारा असतो. दोन पोर्टचा चार्जर आपण घेतो तो दोन्ही वापरायला. म्हणून 'दोन्ही एकत्र' ही ओळ शोधा. तिथे '४५ + २०' असं काही असेल तर लॅपटॉप आणि फोन सुखाने नांदतील. ती ओळच छापलेली नसेल तर तो चार्जर दुकानातच ठेवा.

चांगल्या चार्जरचीही एक खोड असते. दुसरा पोर्ट लावला किंवा काढला की तो वाटणी नव्याने करतो आणि पहिल्या उपकरणाचा पुरवठा क्षणभर तुटू शकतो. धडधाकट बॅटरीला ते कळतही नाही. बॅटरी पूर्णच गेली असेल तर तेवढ्यानेही लॅपटॉप बंद पडतो.

चार्जर आणि फोन बोलतात काय?

जुन्या कॉम्प्युटरचा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट द्यायचा. आता पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सर्वांसाठी खुली पद्धत आहे. चार्जर आधी सांगतो, 'माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत.' उपकरण त्यातलं एक मागतं. हे बोलणं सी कनेक्टरच्या सीसी नावाच्या वायरवरून होतं. २०२१ साली आलेल्या पीडी ३.१ मध्ये ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. याच पीडीत पीपीएस नावाची एक सोय आहे. तिच्यात फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवं तेवढं व्होल्टेज मागू शकतो. सॅमसंगच्या २५ वॅटच्या जलद चार्जिंगला पीपीएस लागतं. ते नसेल तर फोन चार्ज होतो, पण सावकाश.

काही कंपन्यांची जलद चार्जिंगची स्वतःची बोली आहे, उदाहरणार्थ ओप्पोचं सुपरवूक. असा फोन दुसऱ्या कंपनीच्या पीडी चार्जरला लावला तर बिघडत काही नाही, पण डब्यावरचा वेग मिळेलच असं नाही.

सी की ए?

आयफोन २०२३ साली आयफोन १५ पासून सी पोर्टवर आला. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना सी पोर्ट सक्तीचा केला. म्हणून नवीन घेताना दोन्ही सी पोर्ट असलेला चार्जर जास्त वर्षं पुरेल. पण हॉस्टेलवाल्यांना एक अनुभव आला असेल. स्वस्त इअरबड्स किंवा ट्रिमर सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत, आणि जुन्या ए केबलवर मात्र होतात. कारण त्यात सीसी वायरवरचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेलेच नसतात. चार्जरला समोर कुणी आहे हेच कळत नाही, मग तो करंट सोडत नाही. अशा वस्तू जास्त असतील तर एक सी आणि एक ए पोर्टवाला घ्या.

आणि केबल! साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटची. पूर्ण ६५ वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची केबल लागते. तिच्यात ई-मार्कर नावाची चिप असते. ती नसेल तर चार्जर आपणहून ३ अँपिअरवर थांबतो.

घरासाठी कोणता?

दिवाळीत घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "आम्हालाही तसलाच मोठा आण." घरात दोन फोन, तिचा आणि बाबांचा, रात्री स्वयंपाकघराजवळच्या एकाच प्लगवर. मी गणित केलं. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, सुमारे ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण १९ वॅट-तास. १० वॅट मिळाले तरी अडीच तासांच्या आसपास काम होतं, आणि रात्र सात तासांची! तिला ६५ वॅट काय करायचेत? दोन्ही पोर्ट मिळून ३० वॅटच्या आसपास देणारा चार्जर घरी भरपूर झाला. उरलेल्या पैशांत दोन चांगल्या केबल घ्याव्यात.

प्रवासासाठी कोणता?

प्रवासात उलट. लॅपटॉप आणि फोन एकाच चार्जरवर हवेत, म्हणजे '४५ + २०' वाटणीचा ६५ वॅटवाला. त्यात 'गॅन' म्हणजे गॅलियम नायट्राइडचा मिळाला तर उत्तम. गॅनचा ट्रान्झिस्टर सिलिकॉनपेक्षा जास्त वेगाने आणि कमी उष्णता वाया घालवत चालू-बंद होतो. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो (मशीन्सच्या तासाला झोपलेल्यांनी नोंद घ्यावी), म्हणून चार्जर मुठीत मावतो.

इनपुटच्या ओळीत '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' आहे ना हे बघा. घरी आपल्याकडे २३० व्होल्ट असतात, पण रेल्वेच्या बऱ्याच डब्यांतल्या चार्जिंग पॉइंटवर ११० व्होल्ट लिहिलेलं असतं. परदेशी जाणाऱ्यांनाही या ओळीमुळे फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो. रेल्वेचे सॉकेट सैल असतात, जड चार्जर त्यातून लोंबतो आणि ठिणग्या उडतात, म्हणून वजनाने हलका बघा. आगीच्या भीतीने पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं ठरवलं होतं. तेव्हा रात्रीच्या गाडीत बसण्याआधीच फोन भरून घेतलेला बरा.

जिवाशी खेळ नको

आमच्या वायरमनकाकांनी मला विंगमधला काळा पडलेला एक सॉकेट दाखवला. "ताई, सॉकेट सैल झाला की मला सांगा, कागद कोंबू नका," म्हणाले. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि आपल्या हातात येणारी बाजू यांच्यामध्ये पुरेसं अंतर आणि इन्सुलेशन हवं, आणि नकली चार्जरमध्ये काटछाट नेमकी तिथेच होते. म्हणून बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. चौकोनात चौकोन ही खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. दोन पिनच्या चार्जरवर धातूच्या लॅपटॉपला हात लावला की हलक्या झिणझिण्या येतात, त्या बहुतेक वेळा आतल्या वाय कपॅसिटरच्या किंचित गळतीमुळे. पण झटका बसला, जळका वास आला किंवा हात ठेववणार नाही इतका चार्जर तापला तर तो सरळ बाद करा.

थोडक्यात

दुकानात चार्जर उलटा करा आणि चार गोष्टी वाचा: दोन्ही पोर्ट एकत्र किती देतात, पीडी आणि पीपीएस आहे का, इनपुट १००–२४० आहे का, बीआयएस क्रमांक आहे का. रंग आणि डबा नंतर.

पाचव्या दिवशी मी रूममेटला पाठीवरची ती ओळ दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे चूक चार्जरची होती?" मी म्हटलं, "नाही, माझी. चार्जरने तर लिहून ठेवलं होतं." ती थोडी हसली. ती इंटर्नशिप काही परत आली नाही. आम्ही अर्धे-अर्धे पैसे घालून '४५ + २०' वाटणीचा चार्जर घेतला. तरीसुद्धा तिची टेस्ट असली की मी माझा फोन कॉमन रूममध्ये नेऊन लावते.

तुम्हीही कुणाच्या चार्जरचा रिकामा पोर्ट बघून हात पुढे कराल, तेव्हा आधी विचारा.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल